कॅनडा डेस्कवरचे इनामदार

इनामदार सर कॅनडाला कधी गेले नाहीत. पण बर्फ पडल्यावर घरासमोरचा फुटपाथ साफ करायचं काम महापालिकेचं की घरमालकाचं, नवरा-बायको वेगळे झाले तर तळ्याकाठचं सुट्टीचं घर कुणाच्या वाट्याला जातं, कारखान्यात वीस वर्षं घालवलेल्या माणसाला काढायचं तर किती महिन्यांची नोटीस द्यावी लागते, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. गुडगावच्या एका काचेच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर बसून ते तिकडच्या कोर्टांचे निकाल वाचत आणि त्यांचे सारांश लिहीत. हे सारांश 'नव्या घडामोडी' म्हणून रोज कॅनडातल्या वकिलांना आणि लॉ कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ईमेलनं जात. खाली लिहिणाऱ्याचं नाव नसे. आम्ही ते लिहितो हे बाहेर सांगायचं नाही, असं आमच्या करारातच होतं.

मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं काम केलं. आमच्या विभागाला कॅनडा डेस्क म्हणत. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली रात्र, त्यामुळे सकाळी साडेसातला आम्ही पोचायचो तेव्हा आदल्या दिवसाचे निकाल कॉम्प्युटरवर येऊन पडलेले असत. संध्याकाळी सहाच्या आत सारांश टोरोंटोच्या संपादकाकडे गेले पाहिजेत, म्हणजे तिथला वकील ऑफिसला येऊन कॉफी घेईपर्यंत त्याच्या समोर असतील. अकरा जण होतो आम्ही. सगळे लॉ झालेले, आणि कुणीच कोर्टात उभं राहू शकत नसलेले. पूर्ण वेळ नोकरी धरली की वकिलीची सनद स्थगित ठेवावी लागते. सरांचीही तशीच होती. ती त्यांनी बार्शीहून आणलेल्या जुन्या पत्र्याच्या पेटीत ठेवली होती, असं ते म्हणायचे.

मी दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात वाढलेली. बाबा केंद्र सरकारात, घर सरकारी क्वार्टर. नोकरीच्या पहिल्या दिवशी घरी येऊन सांगितलं की माझे सीनियर मराठी आहेत, इनामदार नावाचे, तेव्हा आईला कोण आनंद झाला. "कुठले इनामदार? आपल्यातलेच का?" तिनं विचारलं. मी दुसऱ्या दिवशी सरांना तसंच्या तसं विचारलं. ते हसले. "आईंना सांग, बार्शीचे. युसुफ इनामदार. नमस्कार सांगितलाय म्हणून सांग." आईनं दिवाळीला त्यांच्यासाठी चकल्या पाठवल्या. पण 'आपल्यातले का' हा प्रश्न त्यानंतर तिनं कुणाबद्दलच विचारला नाही.

माझा पहिला सारांश एका कुंपणाच्या भांडणाचा होता. दोन शेजारी, मध्ये लाकडी कुंपण, ते एका बाजूला हातभर सरकलेलं. मी दीड पान लिहिलं. पहिल्या परिच्छेदात जमिनीच्या कब्जाच्या कायद्याचा शंभर वर्षांचा इतिहास घातला. सरांनी कागद हातात घेतला, वाचलाच नाही.

"कोण हरलं?" ते म्हणाले.

"सर, अपील डिसमिस झालंय."

"अपिलाला घर नसतं. माणूस कोण हरलं? काय गेलं त्याचं?"

मी निकालाची पानं चाळायला लागले. मग म्हणाले, "मराठीत सांग. गोष्ट सांगतेस तशी."

"एक बाई होती. तिच्या शेजाऱ्यानं बाउंड्री वॉल..."

"कुंपण."

"हां, कुंपण. ते तिच्या साइडला होतं, आणि बारा वर्षं तिनं काही म्हटलंच नाही. आणि आता ती जागा त्याची झाली."

"हं. पुढं?"

"त्या पट्टीत तिनं लावलेलं झाड होतं. ते पण त्याचं झालं."

"आता हेच इंग्रजीत लिही. पाच ओळीत. जिंकणारा आपलं काम करायला मोकळा असतो, त्याला सारांश लागत नाही. हरणाऱ्याचा वकील हे वाचतो. त्याला पहिल्या ओळीत कळलं पाहिजे की आपल्या माणसाचं काय गेलं."

सात वर्षांत मी शेकडो सारांश लिहिले असतील. आधी मराठीत सांगितल्याशिवाय त्यांनी एकही पुढे जाऊ दिला नाही. डेस्कवरच्या हिंदीवाल्यांना ते हिंदीत सांगायला लावत, केरळच्या पोराला म्हणत, "तू मल्याळममध्ये सांग. मला कळणार नाही, पण तू कुठं अडखळतोस ते कळेल." आणि खरंच कळायचं.

स्वतः ते पहिला मसुदा पेन्सिलीनं लिहीत, जुन्या प्रिंटआउटच्या कोऱ्या बाजूवर. विशेषणांशी त्यांचं वाकडं होतं. "निकालात विशेषणं वाढायला लागली की समजायचं, न्यायाधीश दमलेत," म्हणत. दुपारी एकच्या ठोक्याला डबा उघडत. ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी, पीठ आणि चटणी दोन्ही गावाकडून आलेलं. कॅन्टीनच्या राजम्याकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नाही. उंच, जरा वाकलेले, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. कुणी रडत आलं, कुणी चिडून आलं, तरी त्यांचं "हं, पुढं?" एकाच सुरात असे.

एकदा मुलांच्या ताब्याच्या एका निकालात न्यायाधीशांनी शेवटच्या आदेशात दोन भावंडांची नावंच उलटी घातली होती. मोठ्याची शाळा धाकट्याला, धाकट्याचं औषध मोठ्याला. तिकडे दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या नजरेतून ते सुटलं होतं. सरांनी टोरोंटोला कळवलं. आमचे तिथले संपादक पीटर, त्यांनी कोर्टाच्या कचेरीला कळवलं, दुरुस्ती निघाली, आणि पीटरसाहेबांना कोर्टाकडून आभाराचं पत्र आलं. ते पत्र त्यांनी कौतुकानं आम्हालाही पाठवलं. त्यात सरांचं नाव नव्हतं, असणं शक्यच नव्हतं. डेस्कवर सगळे चिडले. सर म्हणाले, "पोराचं औषध पोराला मिळालं ना?" आणि पेन्सिलीला टोक करायला लागले.

ते फरीदाबादला राहत. कंपनीची गाडी त्यांना पहाटे घ्यायची, डोंगरातल्या रस्त्यानं खड्डे खात गुडगावला आणायची. जाऊन-येऊन तीन तास, कधी चार. एवढ्या लांब का राहता, असं मी एकदा सहज विचारलं. "तिथं घर मिळालं म्हणून," ते म्हणाले. मला त्याचा अर्थ कळला नाही. मी म्हटलं, माझ्या ओळखीचा एक ब्रोकर आहे, ऑफिसच्या मागच्या सेक्टरमध्ये नव्या सोसायट्या झाल्यात, बघू या.

एका रविवारी सर, नसरीन भाभी आणि मी फ्लॅट बघायला गेलो. तिसरा मजला, दोन बेडरूम, ऑफिस चालत दहा मिनिटं. भाभींनी स्वयंपाकघराची खिडकी उघडून बघितली. वारा आत आला. "इथं मिरच्या वाळतील बघा," त्या सरांना म्हणाल्या. बोलणं पक्कं झालं. ब्रोकरला इनामदार नाव माहीत होतं, महाराष्ट्रियन फॅमिली आहे हेही मीच सांगितलं होतं. सोमवारी सरांनी पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म पूर्ण नावानिशी भरून दिला. मंगळवारी मला फोन आला.

"मॅडम, आपने बताया नहीं."

"क्या नहीं बताया?"

"आपने तो बोला था महाराष्ट्रियन फॅमिली है."

"महाराष्ट्रियन ही है."

"अरे मॅडम, आप समझ तो रही हैं. मेरी तरफ से कुछ नहीं, सोसायटीवाले नहीं मानेंगे." आणि वर तो म्हणाला, "आपको चाहिए हो तो बोलिए. आपके लिए बिल्कुल कोई प्रॉब्लेम नहीं."

मी फोन आपटला. मग सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "हं," एवढंच म्हणाले. 'पुढं' म्हणाले नाहीत.

त्याच आठवड्यात डेस्कवर एक निकाल आला. कॅनडातल्या कुठल्या तरी गावात एका घरमालकानं एका कुटुंबाचं नाव ऐकून घर नाकारलं होतं आणि तिथल्या मानवी हक्क न्यायाधिकरणानं त्याला दोषी धरलं होतं. सरांनी तो सारांश स्वतः केला. मी म्हटलं, "बघा सर, तिकडे असं चालत नाही."

"तिकडेही होतं, साठे. झालं म्हणून तर निकाल आला," ते म्हणाले. "फरक एवढाच, की तिकडे निकाल आला."

पुढचं सांगायला मला आजही जड जातं. बाबा दोन महिन्यांत निवृत्त होणार होते, क्वार्टर सोडावं लागणार होतं, आणि आम्हाला कुठेच घर मिळत नव्हतं. तो फ्लॅट रिकामाच होता. मी तीन आठवडे इकडेतिकडे शोधलं आणि शेवटी सरांकडे गेले. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "घेऊन टाक. तू नाही घेतलास तर तो मला मिळणार आहे का?"

मी घेतला. नंतर एकदा ते दोघं आमच्याकडे चहाला आले. आईनं कांदेपोहे केले. भाभी स्वयंपाकघरात आईशी बोलत उभ्या राहिल्या, खिडकी उघडली, आणि लगेच लावून टाकली. पुन्हा त्या आमच्याकडे आल्या नाहीत. सर मात्र रोज माझ्या घरावरून गाडीनं फरीदाबादला जात राहिले.

कॅनडाची फाईल ही त्याच सुमारास मला कळलेली गोष्ट. मी नोकरीला लागायच्या दोन वर्षं आधी त्यांनी तिकडे स्थायिक व्हायचा अर्ज केला होता. कुशल कामगारांच्या वर्गात, स्वतःचा, भाभींचा आणि मुलीचा, सनाचा. सगळी कागदपत्रं बरोबर, वय-शिक्षण-अनुभवाचे गुण पुरेसे. उत्तर काहीच नाही. दर सोमवारी पहिला निकाल उघडायच्या आधी ते संकेतस्थळावर आपला क्रमांक घालून बघत. एकच वाक्य येई: अर्ज प्रक्रियेत आहे. ते बघून खिडकी बंद करत आणि कामाला लागत. वर्षामागून वर्षं मी हे बघितलं.

"नकार आला असता तर बरं झालं असतं," ते एकदा म्हणाले. "नकारावर अपील करता येतं. प्रक्रियेवर काय करणार?"

त्या एका वाक्यावर त्यांचं सगळं घर टांगलेलं होतं. नवा फ्रीज घ्यायचा नाही, कारण जायचंय. भाभी बी.एड. झालेल्या, पण कायमची नोकरी धरायची नाही, कारण कधीही बोलावणं येईल. एका मोठ्या कंपनीनं सरांना मानेसरच्या कारखान्यात कायदा अधिकारी म्हणून बोलावलं होतं. गेले नाहीत. अर्जात या कामाचा अनुभव दाखवलाय, नोकरी बदलली तर फाईल पुन्हा मागे जाईल, अशी त्यांना धास्ती. थंडीचे जाड कोट तिबेटी मार्केटमधून आणून ठेवलेले होते. दरवर्षी पावसाळ्यानंतर भाभी ते उन्हात घालत. सनाचा दोनदा बदलला, कारण ती वाढत होती.

सर्वांत कठीण गोष्ट सोलापूरची. तिथल्या लॉ कॉलेजचे प्राचार्य त्यांचे वर्गमित्र. त्यांचा एकदा दुपारी फोन आला. सर डबा खात होते, मी समोर होते. पूर्ण वेळ प्राध्यापकाची जागा होती, कायम. प्राचार्य म्हणत होते, युसुफ, तूच ये, तुझ्यासारखा शिकवणारा आमच्याकडे नाही. सरांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा उजळलेला बघितला. शिकवायची त्यांना किती हौस होती ते आम्हा अकरा जणांशिवाय कुणाला ठाऊक? फोनवर ते म्हणाले, "दोन दिवस दे." दोन दिवसांनी त्यांनी नाही म्हणून कळवलं.

"सर, का?"

"सात वर्षं झाली, साठे. सात वर्षं रांगेत उभं राहिल्यावर खिडकी दिसायला लागली असताना बाहेर पडायचं?"

"पण खिडकी दिसतेय का?"

त्यांनी पेन्सिल उचलून पुढचा निकाल ओढला. मी असं विचारायला नको होतं.

पुढच्या वर्षी वसंतात बातम्या यायला लागल्या की तिकडचं सरकार जुन्या अर्जांचा ढीग निकालात काढणार आहे. कसा, ते कुणी धड सांगत नव्हतं. डेस्कवर कुजबुज झाली. सर म्हणाले, "मसुदा येऊ दे. मसुदा वाचल्याशिवाय मी काही मानत नाही."

मसुदा एका सकाळी आला. अर्थसंकल्पाचं भलंमोठं विधेयक होतं, त्यात शेकडो कलमं, मासेमारीपासून पेन्शनपर्यंत सगळं. तोवर मी डेस्कवर कामाचं वाटप करायला लागले होते. मी पानं चाळत गेले आणि इमिग्रेशनच्या भागाशी थांबले. तेवढी पानं मी काढून माझ्या ढिगाखाली ठेवली.

साडेआठला सर आले. त्या दिवशी गाडीला उशीर झाला होता.

"इमिग्रेशनचं कुठाय?"

"माझ्याकडे आहे सर. मी करते."

"इमिग्रेशन नेहमी मी करतो."

"आज मला करू द्या ना."

त्यांनी हात पुढे केला. तो हात त्यांनी मागे घेतला नाही. मी पानं काढून दिली.

त्यांनी उभ्यानंच वाचलं. मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचलं. पेन्सिल घेतली, ठेवली. बाकीचे सगळे आपापल्या पडद्याकडे बघत होते, पण एकाचाही कीबोर्ड वाजत नव्हता. सरांनी मान वर केली आणि नेहमीसारखं, इतरांना सांगायला लावत तसं, मराठीत सांगितलं.

"ज्यांनी एका ठरलेल्या तारखेच्या आधी अर्ज केला, आणि ज्यांच्या अर्जावर अधिकाऱ्यानं अजून निर्णय दिला नाही, त्यांचा अर्ज या कायद्यानं संपला. नाकारला नाही, संपला. भरलेली फी परत. भरपाई मागता येणार नाही."

"सर, म्हणजे तुमची..."

"म्हणजे आम्ही हरलो. आता मला लिहू दे."

त्यांनी पाऊण तासात लिहिलं. दहा ओळी. मी आजवर वाचलेल्या सारांशांत तो सर्वांत स्वच्छ होता. पहिलं वाक्य असं होतं की, ज्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली, त्या जुन्या अर्जदारांचे अर्ज निर्णयाविना संपवले जात आहेत. संध्याकाळी पीटरसाहेबांची दुरुस्ती आली. 'वर्षानुवर्षं वाट पाहिली' त्यांनी काढून टाकलं होतं आणि पहिलं वाक्य फिरवून सरकारपासून सुरू केलं होतं. सोबत नम्रपणे लिहिलं होतं की वाचकांना कायद्यात काय बदललं एवढंच हवं असतं.

इतक्या वर्षांत सरांनी टोरोंटोच्या दुरुस्तीला कधी हरकत घेतली नव्हती. त्या दिवशी घेतली. वाट पाहणं हा या तरतुदीचा मूळ तथ्यभाग आहे, ते विशेषण नाही, असं त्यांनी लिहिलं. उत्तर आलं, मुद्दा समजला, पण तसंच राहू दे.

मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. "सर, सांगा ना त्यांना. तुमची स्वतःची फाईल त्यात आहे म्हणून. ते काही वाईट माणूस नाहीत."

"सांगितलं तर यापुढे इमिग्रेशनचा एकही कागद माझ्याकडे येणार नाही. तुमचा हितसंबंध आहे म्हणतील." "आणि खरंच आहे. मी आज सकाळी तो कागद घ्यायलाच नको होता. तू बरोबर होतीस."

गाडीची वेळ झाली होती. ते रोजच्यासारखे खाली गेले.

दोन रविवारांनंतर भाभींचा फोन आला. "साठे, येऊन जा गं जरा. हे बोलत नाहीत." मी फरीदाबादला गेले. त्यांच्या घरी माझी ती पहिलीच खेप होती. स्वच्छ, नीट घर, आणि चारही भिंती कोऱ्या. एक कॅलेंडर, तेही दाराच्या कडीला अडकवलेलं. सर बाजेवर पेपर धरून बसले होते. सना दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती, टीव्हीसमोर होती.

भाभींनी आतून स्टूल आणलं आणि एक हातोडी. "धर गं हे स्टूल."

"काय करतेस?" सरांनी विचारलं.

"खिळा ठोकते."

"घरमालकाला विचारायला पाहिजे."

"नऊ वर्षं झाली आपल्याला इथं," भाभी म्हणाल्या. "नऊ वर्षांत मी या घरात एक खिळा ठोकला नाही. कशाला ठोकायचा, जायचंय, असं म्हणून. आता मी कुणाला विचारणार नाही."

पहिला खिळा काँक्रीटवर वाकला. दुसरा उडून कपाटाखाली गेला. तिसरा बसला. त्यांनी पदरानं पुसून एक फोटो लावला. बी.एड.च्या पदवीदानाचा, काळ्या झग्यातला, लग्नाआधीचा. कपाटात वर्षानुवर्षं साड्यांखाली पडून असल्यानं त्याचा एक कोपरा पिवळा झाला होता.

सना टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, "मुझे तो जाना ही नहीं था. किसी ने पूछा ही नहीं."

सरांनी पेपर घडी करून ठेवला. "सना," ते म्हणाले, "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"आप इतना वेट कर रहे थे, अब्बा," ती म्हणाली. आणि मग तिला रडू फुटलं. सर तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसले. तिच्या डोक्यावर हात ठेवायला त्यांनी हात उचलला आणि कसा ठेवावा ते न कळल्यासारखा तिच्या खांद्यावर ठेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन कारण नसताना चहाची भांडी घासली.

त्यानंतर त्यांनी सोलापूरला फोन केला. जागा भरली होती. तासिका तत्त्वावर ये, म्हणाले प्राचार्य, पण तेवढ्यावर घर चालणार नव्हतं. कॅनडाच्या नव्या नियमांनुसार पुन्हा अर्ज करावा, तर वयाच्या रकान्यात जवळपास काहीच गुण उरले नव्हते. विधेयक मंजूर झालं. ज्यांचे अर्ज संपवले गेले त्यांपैकी काहींनी तिकडच्या कोर्टात दावे लावले, सरांनाही विचारलं. त्यांनी नाव दिलं नाही. स्वतःचं नाव असलेल्या दाव्याचे निकाल आपल्याच डेस्कवर येणार, ते त्यांना पटत नव्हतं, आणि डेस्क सोडणं परवडत नव्हतं. भाभींनी मात्र फरीदाबादच्या एका शाळेत कायमची नोकरी धरली. त्या दिवशी सरांनी डेस्कवर पेढे वाटले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना फार कमी वेळा बघितलं.

दाव्यांचा निकाल आला तेव्हा तो सारांश मी केला. आदल्या दिवशीच त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. अर्जदार हरले होते. मी त्यांना मराठीत सांगायला गेले, सवयीनं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"निकालात कोर्टाला वाईट वाटलेलं दिसतंय, सर."

"दिसतंय," ते म्हणाले. "पण ते कायद्यात बसत नाही. बरोबर लिहिलंयस. पाठव."

नंतर मला पुण्यात काम मिळालं. आईबाबांनाही परत जायचं होतं. शेवटच्या दिवशी मी टेबल रिकामं केलं, दाराचं कार्ड खालच्या मजल्यावर जमा केलं आणि सरांना भेटायला पुन्हा वर आले. ते ट्रेनिंग रूममध्ये होते. कंपनीनं नवी तुकडी घेतली होती, नुकती लॉ झालेली वीस-बावीस मुलंमुली, त्यांना कॅनडाच्या कोर्टांची रचना शिकवायचं काम सरांकडे. काचेची खोली. दार कार्डाशिवाय उघडत नव्हतं आणि माझं कार्ड गेलं होतं.

मी काचेवर टकटक केलं. आत आवाज पोचत नसावा. फळ्यावर खालपासून वरपर्यंत चौकटी काढलेल्या होत्या, आणि सर हात हलवत, दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करत बोलत होते. एवढे तरतरीत ते डेस्कवर कधी नसत. पुढच्या बाकावरची मुलगी डोळे मोठे करून ऐकत होती. मग त्यांना मी दिसले. ते हसले, आणि पाच बोटं पसरून हात वर केला. पाच मिनिटं.

मी थांबले. पाचाची दहा झाली, दहाची वीस. खाली टॅक्सी उभी होती, ड्रायव्हरचा तिसरा फोन येऊन गेला, "मॅडम, फ्लाइट छूट जाएगी." मी काचेला हात लावून सरांना खूण केली की निघते. त्यांनी बघितलं आणि पुन्हा पाच बोटं वर केली. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलानं काहीतरी विचारलं. प्रश्न चांगला असणार, कारण सर एकदम त्याच्याकडे वळले आणि फळ्यावरच्या सगळ्यात वरच्या चौकटीला बोट लावून भराभर सांगायला लागले.

लिफ्ट आली. दार मिटण्याआधी मी एकदा वळून पाहिलं. ते पाठमोरे होते, अजून बोलत होते, आणि त्यांचा डावा हात पाच बोटं पसरून मागे, काचेच्या दिशेनं, तसाच धरलेला होता.